तेजस्वीचे दोन पक्ष आणि एक गाऱ्हाणे

कसाल,
कार्तिक वद्य तृतीया

श्रीमान गणपतराव भावोजी यांसी,

राज्य परिवहनाच्या सेवेतून सन्मानाने निवृत्त झालेल्या, अपघातरहित सेवेचा बिल्ला आजही सदऱ्यावर बाळगणाऱ्या आणि सांप्रत भ्रमणध्वनी बंद करून भांडुपात पुत्राच्या घरी अज्ञातवासास बसलेल्या आपणांस, आपल्या पत्नीचा ज्येष्ठ बंधू गुरुप्रसाद याचा साष्टांग नमस्कार. मी ज्येष्ठ असूनही साष्टांग घालतो, कारण गरज माझी आहे.

आपण दूरध्वनी मिटलात, म्हणून मला लेखणी उघडावी लागली. स्पीड पोस्टाने व्यक्तिगत पत्रही जाते, हे ऐकून कसालच्या टपाल कचेरीत किंचित कुतूहल निर्माण झाले. तेथे मला विचारण्यात आले की प्रकरण न्यायालयीन आहे काय. अद्याप नाही, असे मी उत्तर दिले.

माझी भगिनी किशोरी कुशल आहे. ती आपल्याविषयी मला काहीही विचारत नाही. परंतु ते न विचारण्यासाठी ती दररोज दोनदा दूरध्वनी करते.

आपल्या प्रस्थानाची कारणे तिकडे आपल्या गावात चार प्रकारांनी सांगितली जात आहेत. एका प्रकारात तर आपणांस संन्यासी केले आहे. म्हणून मूळ घटना येथे निर्विकारपणे नोंदवितो. राष्ट्रीय मोटार शर्यतीच्या कोइंबतूर येथील तिसऱ्या फेरीत आपली कन्या, माझी भाची, कुमारी तेजस्वी हिने पुण्याच्या चंदन नामक प्रतिस्पर्ध्यास वळणावर आतल्या बाजूने मागे टाकण्याचा प्रयत्न केला. तिचे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकास लागले. तो गरगर फिरून खडीत जाऊन रुतला, बाहेर आला, कपडे झटकले आणि सुखरूप चालत गेला. पंचांनी चित्रफीत पाहून कोणाचाच दोष नाही असा निर्णय दिला. तेजस्वी जिंकली.

आंबेवाल्या भाईंच्या दुकानातील दूरदर्शन संचासमोर सारा गाव उभा राहून नाचत होता, तेव्हा आपण एकटेच बसून होतात. मग सारे बसले आणि आपण उठलात. आपण जे बोललात ते मजजवळ बसलेल्या प्रत्येकास पाठ आहे: "दुसऱ्याच्या गाडयेक धक्को मारलो तर आमच्या डेपोत मेमो गावता. हय हार घालतत." हार आपणांसाठी आणलेला होता. तो भाईंच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेरे तिठ्यावर आपण मुंबईच्या गाडीची वाट पाहात असता समोरच एक विशाल फलक लागलेला होता: डरकाळी फोडणारी व्याघ्री, तिच्या शेजारी शिरस्त्राणधारी तेजस्वी, आणि खाली अक्षरे, "आडवो इलो तो गेलो." हा फलक माझ्या कसालच्या छापखान्यात निर्माण झाला हे आपण जाणताच. मजकूर भाईंचा होता. व्याघ्री माझी.

तेव्हापासून गाव दुभंगला आहे. एकीकडे आहे जयपक्ष. त्याचे अध्वर्यू भाई, आंब्याचे व्यापारी, ज्यांच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअप गाडीवर तेजस्वी सड्यावरच्या जांभ्या कातळात चालन शिकली आणि जे यामुळे स्वतःस तिचे द्रोणाचार्य समजतात. अंगठा अद्याप मागितलेला नाही. दुसरीकडे विनयपक्ष. त्याच्या नेत्या हौसाबाई, मासळीबाजारात ज्यांच्या शब्दाला ताजव्यापेक्षा अधिक वजन आहे. त्यांचे मत असे की पोर आपली, जीव ओवाळून टाकावा अशी. पण धक्का मारला तो मारला. "तेजस्वी आमची शान" या व्हॉट्सअप समूहाचे दोन तुकडे झाले असून एकाच्या नावापुढे कंसात "मूळ" व दुसऱ्याच्या नावापुढे "खरी" असे लिहिलेले आहे. मी दोन्हीकडे सभासद आहे. मुद्रकास शत्रू परवडत नाही.

परवा, रविवारी, चौथी फेरी आहे. भांडुपात दूरदर्शन संच असतो असे ऐकतो. तो लावण्यास भ्रमणध्वनी उघडावा लागत नाही.

आपला श्यालक,
गुरुप्रसाद

कसाल,
कार्तिक वद्य नवमी

श्रीमान भावोजी,

आपले उत्तर आले नाही. मौनाचा अर्थ संमती असा शास्त्रार्थ आहे. कशास संमती, हे शास्त्राने माझ्यावर सोडले आहे.

आपण शर्यत पाहिली नसेल असे गृहीत धरून वृत्तांत देतो. पाहिली असेल तर हा परिच्छेद गाळावा. तेजस्वी सहावी आली. गाडी उत्तम होती, हवा उत्तम होती, आरंभीचे स्थान दुसरे होते. तथापि कोणीही तिच्या बाजूस आले की ती वाट देई. शिमग्यात नाचणारे खेळे दारी आल्यावर लोक जसे अंगण मोकळे करून देतात, तशी तिने एकेकाला वाट करून दिली. भाष्यकार म्हणाला, ही मुलगी आज अंड्यांची टोपली घेऊन निघाल्यासारखी चालवीत आहे.

दोन्ही पक्षांची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी आहे. जयपक्षात भाईंनी जाहीर केले की ती भ्याली आणि तिला भेडसावण्याचे पाप विनयपक्षाच्या माथी आहे. विनयपक्षात आनंद व्हावयास हवा होता, कारण कोणाला केसभरही धक्का लागला नव्हता. परंतु हौसाबाई दोन दिवस बाजारात कोणाशी बोलल्या नाहीत, आणि सुरमईचा भाव विचारणाऱ्या एका सज्जनास त्यांनी "गप घेवन जा" असे म्हटल्याची वार्ता आहे. समाजमाध्यमांवर तर परमुलखातील विद्वानही उतरले आहेत. नागपूरचा एक म्हणतो, ही संपली. सांगलीचा एक म्हणतो, ही कधी सुरूच झाली नव्हती. या दोघांनी आयुष्यात स्कूटरहून वेगवान काही चालविले असेल असे वाटत नाही.

आता जे लिहितो ते विनोदाने लिहू शकत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

शर्यतीनंतर तेजस्वीने आईला दूरध्वनी केला. किशोरीने तो मला सांगितला, आणि आपणांस सांगू नये असे बजावले. मी आपणांस सांगत नाही, केवळ लिहितो. आपण दुकानातून उठून गेलात त्याची चित्रफीत कोणीतरी समूहावर टाकली होती, ती तिने पाहिली. पोरगी म्हणाली, "आये, बाजूक गाडी इली की माका बाबांची पाठ दिसता. दुकानातसून उठान जातानाची." पुढे असेही म्हणाली की अंतिम फेरी झाली की ती शिरस्त्राण कायमचे खुंटीला लावणार.

गणित सोपे आहे. शेवटची फेरी ती जिंकली तर राष्ट्रीय अजिंक्यपद तिचे, न जिंकली तर चंदनचे. पण मला पदाची चिंता नाही. ते चषक मी पाहिले आहेत. आतून पोकळच असतात. विसाव्या वर्षी ज्या मुलीच्या हातांत अशी विद्या आहे, तिने ती बापाच्या पाठीकडे पाहून टाकून द्यावी, हे मला सोसवत नाही.

आपणांस काय वाटले ते मी जाणतो. आपण उभ्या आयुष्यात कोणाच्या गाडीला ओरखडा काढला नाहीत. भुईबावड्याच्या घाटात समोरून येणाऱ्यासाठी आपण गाडी मागे घेत गेलात, आणि मागे बसलेल्या प्रवाशांनी आपणांस भित्रा म्हटले तरी गेलात. त्या दिवशी आपल्याच रक्ताने कोणाला तरी खडीत घातले, आणि गावाने टाळ्या वाजविल्या. माझी त्याविषयी तक्रार नाही. परंतु पंचांनी निर्दोष ठरविलेल्या पोरीला आपण निकाल न सांगता शिक्षा दिलीत. एवढे बोलण्याचा अधिकार मामाला असतो.

आता कामाचे. अंतिम फेरीपूर्वीच्या सोमवारी ग्रामदेव रवळनाथाला गाऱ्हाणे घालावे असे दोन्ही पक्षांनी, स्वतंत्रपणे आणि एकमेकांस न कळविता, ठरविले आहे. जयपक्ष देवाकडे विजय मागणार. विनयपक्ष मागणार की पोरीच्या हातून कोणाला काही होऊ नये. एकाच देवासमोर एकाच दिवशी दोन गाऱ्हाणी म्हणजे देवालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. आणि मुख्य अडचण अशी की आपल्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान आपल्या घराण्याचा. आपण नाही तर शब्द नाही, शब्द नाही तर गावाचा "व्हय म्हाराजा" नाही. भाईंनी स्वतः गाऱ्हाणे घालण्याची तयारी दर्शविली, तेव्हा गुरवाने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्यास माझी भाषा अपुरी आहे, आणि माझी भाषा आपण जाणता.

यावे. एका दिवसापुरते यावे. परत जाण्याचे तिकीट मी काढून ठेवतो, म्हणजे आपला अभिमान सुरक्षित राहील.

आपला,
गुरुप्रसाद

कसाल,
कार्तिक वद्य त्रयोदशी

श्रीमान भावोजी,

चिरंजीव सर्वेशकडून आपला निरोप मिळाला होता: "येवचंय नाय. फोनार सांगतंय." चार शब्दांत आपण नकार आणि होकार दोन्ही दिलेत. असे लाघव मला सहस्र मानपत्रे लिहूनही साधले नाही.

आज देवळात जे घडले त्यातील आवाज आपण ऐकलात. परंतु आवाजाला डोळे नसतात, म्हणून उरलेले लिहितो.

प्रथम वाद झाला. दूरध्वनीवरून गाऱ्हाणे चालते काय? हौसाबाई म्हणाल्या, देवाला कोणी फोन लावतो काय. भाई म्हणाले, देव काय रेंजच्या बाहेर आहे. यावर दोन्ही पक्षांतील विद्वानांनी पूर्वदाखले शोधले. एकाने तर व्हिडिओवरून झालेल्या साखरपुड्याचा आधार घेतला. अखेर गुरवाने सर्वांना गप्प केले आणि म्हणाला, देवालाच विचारू. त्याने पाण्यात बुडविलेल्या कळ्या रवळनाथाच्या अंगावर दोन्ही बाजूंना लावल्या. उजवी पडली तर चालते, डावी पडली तर नाही. कौल लागण्यास कधी घटका जाते, हे आपण जाणता. आज गुरवाचा प्रश्न पुरा होण्याच्या आत उजवी कळी पडली. देवही कंटाळला असावा.

मग माझा भ्रमणध्वनी तांब्याच्या ताम्हनात ठेवण्यात आला आणि आपला आवाज सभामंडपात आला. लोक आपोआप उभे राहिले. भाईंनी पायांतले मोजेही काढले.

"बा देवा रवळनाथा, बारा येशीच्या म्हाराजा," असे आपण म्हणालात, आणि मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आज जा काय लेकरू लांब मुलखात गाडी घेवन उभा रवला हा, तेच्यावर तुझी नदर ऱ्हांव दी."

"व्हय म्हाराजा." यात जयपक्षाचा आवाज मोठा होता.

"तेच्यावांगडा जी काय दुसरी पोरां धावतत, ती पण कोणाची तरी लेकरां आसत. तेंच्यातल्या एकाच्याय गाडयेक खरवड येव नको, आणि सगळ्यांका सुखरूप घराक धाड."

"व्हय म्हाराजा." यात विनयपक्षाचा आवाज मोठा होता, परंतु जयपक्षालाही म्हणावे लागले. गाऱ्हाण्यात गप्प राहण्याची सोय नाही. भाईंचे ओठ हललेले मी स्वतः पाहिले.

आणि मग आपण ते म्हणालात. मानकरी देवापुढे गावाच्या वतीने बोलतो, स्वतःच्या घरचे बोलत नाही; आपल्या वडिलांनी कधी बोललेले नाही, आपणही नाही. आपण म्हणालात, "आणि म्हाराजा, माझ्या चेडवाच्या मनात जा काय भय बसला हा, ता माझ्यामुळे बसला. ता तू काढून टाक. तेका मोकळ्या हातान गाडी चालवूक दी."

कोणाला कळेना की यावर गावाने हुंकार द्यावा की नाही, कारण हे गावाचे नव्हते. गुरव माझ्याकडे पाहू लागला, मी देवाकडे, आणि देव, नेहमीप्रमाणे, समोर.

तेवढ्यात एका बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" असे ऐकू आले. तो आवाज मंडपातल्या कोणाचा नव्हता. तो माझ्या भगिनीच्या पदराखालून आला. किशोरीच्या मुठीत तिचा स्वतःचा दूरध्वनी होता, आणि तो पहिल्यापासून कोइंबतूरला लागलेला होता.

मला हे ठाऊक नव्हते. निदान मला हे ठाऊक होते असे सिद्ध करता येणार नाही.

त्यानंतर साऱ्या मंडपाने मिळून जो हुंकार दिला, तो आपण ऐकलात की नाही मला माहीत नाही, कारण त्याच क्षणी ताम्हनातला दूरध्वनी बंद झाला. रेंज गेली, असे मी ग्रामस्थांना सांगितले. भांडुपात रेंज जात नाही हे सर्वांना माहीत आहे. तरी सर्वांनी माना डोलविल्या. हौसाबाई डोळ्यांत धूर गेला असे म्हणाल्या. धूप अजून पेटवायचा होता.

रविवारी दुपारी कोइंबतूरलाच अंतिम फेरी.

आपला,
गुरुप्रसाद

कसाल,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, रविवार

अजिंक्यवीरेच्या पित्यास, म्हणजे श्रीमान गणपतराव भावोजी यांसी,

वरील पदवी मी आज दुपारपासून अनेकदा मोठ्याने उच्चारून पाहिली. ती कानाला बरी लागते. पत्रिकांवर, निमंत्रणांवर आणि यथाकाल लग्नपत्रिकेवरही छापण्यास योग्य आहे.

भाईंच्या दुकानात आज खुर्च्या दोन गटांत मांडल्या होत्या, मध्ये वाट ठेवून. लग्नात वधूपक्ष आणि वरपक्ष बसतात तसे. किशोरी मधल्या वाटेत स्टुलावर बसली, कारण तिला कोणत्याच पक्षाची गरज नव्हती. मी दाराशी उभा राहिलो. मुद्रकाने दोन्ही बाजू दिसतील अशा ठिकाणी उभे राहावे.

तेजस्वी चौथ्या स्थानावरून निघाली. पहिल्याच वळणावर एक गाडी तिच्या बाजूस आली, आणि दुकानात सर्वांनी श्वास रोखला, कारण मागच्या वेळी येथूनच वाट देणे सुरू झाले होते. तिने वाट दिली नाही. अडविलेही नाही. ती सरळ स्वतःच्या रेषेत राहिली, आणि बाजूच्याला स्वतःची रेषा पुरली. दोन्ही गाड्या वळणातून सोबत बाहेर पडल्या आणि ती पुढे निघाली. भावोजी, मला शर्यतीतले काही कळत नाही; परंतु ज्याला आपले अंगण किती आणि दुसऱ्याचे किती हे नेमके माहीत आहे, त्याची चाल वेगळी दिसते. ती मलाही दिसली.

एकेक करून ती तिसरी झाली, दुसरी झाली. शेवटच्या फेऱ्यात पुढे केवळ चंदन उरला. आणि वळण तेच आले. तिसऱ्या फेरीतले, खडीचे.

चंदनने आतली बाजू झाकली. पूर्ण नव्हे, अर्धी फट उरली होती. गेल्या वेळी तिने चाक घातले होते ती हीच फट. आता जे घडले त्याची साक्ष देण्यास मी न्यायालयातही तयार आहे: विनयपक्षाच्या सर्वोच्च नेत्या हौसाबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत घाल गो, आत घाल." आणि जयपक्षाचे अध्वर्यू भाई दोन्ही हातांनी तोंड झाकून पुटपुटले, "सांभाळून गो बाय, सांभाळून."

तेजस्वीने दोघांचेही ऐकले नाही. ती बाहेरून गेली. जिथे वाळू आणि रबराचा चुरा साचलेला असतो, जिथून कोणी जात नाही असे भाष्यकार ओरडून सांगत होता, तिथून. दोन गाड्या चाकाशी चाक ठेवून त्या वळणातून गेल्या, मध्ये वीतभर अंतर, आणि ते अंतर ना वाढले ना संपले. पुढच्या वळणावर तिची बाजू आतली झाली. मग फक्त सरळ रस्ता होता, आणि सरळ रस्त्यावर तिला धरणारा आज त्या मैदानात कोणी नव्हता.

ती अर्ध्या गाडीने जिंकली. ओरखडा कोणालाही आला नाही. चंदन गाडीतून उतरून चालत तिच्याकडे आला आणि त्याने तिचा हात धरून वर केला. मग आपली पोर चषक घेण्यास उंच पायरीवर चढली, आणि जांभ्या दगडाच्या या मुलखातले एक नाव भोंग्यातून साऱ्या मैदानात घुमले. भाष्यकाराने गावाचा उच्चार चुकीचा केला. सर्वांनी त्याला क्षमा केली.

दुकानातल्या मधल्या वाटेचे काय झाले ते सांगता येत नाही. शर्यत संपली तेव्हा ती नव्हती. भाईंनी हौसाबाईंच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांनी तो वयाच्या कारणास्तव अत्यंत रागाने नाकारला. कोणीतरी ढोल आणले. जत्रेसाठी उतरलेले दशावतारी मंडळ चेहऱ्याला अर्धा रंग लावलेल्या स्थितीत बाहेर आले, आणि अर्ध्या रंगाचा एक राजा व एक संपूर्ण राक्षस रस्त्यावर हातात हात घालून नाचले. विजयदुर्गाकडे निघालेली एस. टी. थांबली. चालकाने कारण विचारले, ऐकले, आणि गाडी बंद करून आपल्या नावाने भोंगा वाजविला. आपल्या कन्येच्या नव्हे, आपल्या. डेपोत आपणांस अद्याप विसरलेले नाहीत.

तासाभरात वाद पुन्हा सुरू झाला हे सांगणे न लगे. जयपक्षाच्या मते ती धाडसाने जिंकली, विनयपक्षाच्या मते संयमाने. "मूळ" आणि "खरी" या दोन समूहांतून फुटून "अजिंक्य" नावाचा तिसरा समूह निघाला असून त्यात सर्व जण आहेत व सर्व जण भांडत आहेत. नागपूरचा तो विद्वान म्हणतो, मी पहिल्यापासून सांगत होतो. भाई आणि हौसाबाई एकाच रिक्षाने कसालला आले, अभिनंदनाच्या फलकाचा मजकूर सांगण्यास, आणि माझ्या छापखान्यात उभे राहून त्यांनी एकमेकांचा प्रत्येक शब्द खोडला. शेवटी कागदावर केवळ तेजस्वीचे नाव शिल्लक राहिले. तेवढेच छापतो. व्याघ्री नाही.

आता शेवटचे, आणि हे लिहिण्यासाठीच खरे तर मी बसलो.

ती पायरीवरून उतरताच, ढोल अजून यायचे होते तेव्हा, मी दुकानाच्या मागे जाऊन आपणांस दूरध्वनी लावला. विजयवार्ता प्रथम माझ्या मुखातून आपल्या कानी पडावी अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. एक समासप्रचुर वाक्य मी सकाळपासून घोकून ठेवले होते. आपला दूरध्वनी चालू होता. पण व्यग्र होता.

मी मनात म्हटले, सर्वेश बोलत असेल. म्हणून तेजस्वीला लावला. तोही व्यग्र.

मी पुन्हा आपणांस लावला. पुन्हा तिला. मग पुन्हा आपणांस. मी इतका वेळ तसाच लावीत राहिलो की किशोरी मला शोधत मागे आली. मी तिला माझा दूरध्वनी दाखविला: एका नावाखाली व्यग्र, दुसऱ्या नावाखाली व्यग्र.

तिने तो पाहिला. मग माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पदरात गुंडाळून ठेवला.

"लावू नको रे दादा," ती म्हणाली. "बोलांदेत."

आपला,
गुरुप्रसाद